एक जनुक, अनेक संदेश
पेशीतील पर्यायी सांधणी आणि तिचे नियंत्रण

मानवी पेशीत प्रथिने घडविणारी जनुके किती असावीत, असा प्रश्न १९९० च्या सुमारास कोणी विचारला असता, तर बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी 'एक लाखाच्या आसपास' असे उत्तर दिले असते. पुढे मानवी जनुकसंचाचे वाचन जसजसे पूर्ण होत गेले, तसतसा हा आकडा उतरत गेला आणि अखेर सुमारे वीस हजारांवर येऊन थांबला. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स नावाचा एक सूत्रकृमी आहे. त्याच्या देहपेशी हजाराहूनही कमी. पण त्याच्या अंगी जनुके मात्र जवळजवळ माणसाइतकीच! मग माणसाचा मेंदू, त्याची प्रतिकारशक्ती, त्याच्या शेकडो प्रकारच्या पेशी ही सारी विविधता आली कोठून?

या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. परंतु उत्तराचा एक मोठा भाग 'पर्यायी सांधणी' या क्रियेत दडलेला आहे. एकाच जनुकाच्या मजकुरातून निरनिराळे तुकडे निवडून पेशी निरनिराळी प्रथिने तयार करते. ही निवड कोण करते, केव्हा करते आणि निवड चुकली तर काय होते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. त्यातही पेशीपेशींमधील निरोप पोचविणाऱ्या, म्हणजे संकेतवाहक प्रथिनांच्या जनुकांकडे आपण विशेष लक्ष देऊ.

तुटक जनुकांचा शोध

१९७७ पर्यंत पाठ्यपुस्तकांत असे शिकविले जाई, की जनुक म्हणजे डी.एन.ए.चा एक सलग पट्टा. त्याची नक्कल म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए.; आणि त्या संदेशाप्रमाणे ओळीने अमिनो आम्ले जोडली, की झाले प्रथिन. जीवाणूंच्या बाबतीत हे बहुतांशी खरे आहे. पण त्या वर्षी फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी ॲडिनोव्हायरस या विषाणूवर काम करताना एक विलक्षण गोष्ट पाहिली. तयार संदेशवाहक आर.एन.ए. त्याच्या मूळ डी.एन.ए.शी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा डी.एन.ए.चे काही भाग जोडीदार न मिळाल्यामुळे फासासारखे बाहेर लोंबकळताना दिसले. अर्थ उघड होता. जनुकातील तेवढा मजकूर अंतिम संदेशात नव्हता. या शोधाबद्दल दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संदेशात टिकून राहणाऱ्या भागांना 'एक्झॉन' आणि कापून टाकल्या जाणाऱ्या भागांना 'इंट्रॉन' ही नावे वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये दिली. इंट्रॉन काढून एक्झॉन एकमेकांना जोडण्याच्या क्रियेस 'स्प्लायसिंग' म्हणतात. दोराची दोन टोके एकमेकांत गुंफून सांधणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. आपण या लेखात तिला 'सांधणी' म्हणू.

सांधणीचे यंत्र

पेशीला इंट्रॉन कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे कसे कळते? बहुतेक इंट्रॉनच्या आरंभी आर.एन.ए.ची जी-यू ही दोन अक्षरे असतात आणि शेवटी ए-जी ही दोन. शेवटच्या खुणेच्या थोडे अलीकडे शाखाबिंदू म्हणून ओळखले जाणारे एक ए अक्षर असते आणि त्यानंतर यू व सी या अक्षरांची दाटी असलेला एक पट्टा असतो. पण नुसत्या जी-यू आणि ए-जी या जोड्या आर.एन.ए.मध्ये जागोजागी सापडतात. म्हणून यंत्र आजूबाजूची अक्षरेही वाचते. ती जितकी आदर्श क्रमाशी जुळतात, तितकी ती सीमा 'सबळ'. जितकी कमी जुळतात, तितकी 'दुर्बळ'. सबळ सीमा सहसा चुकत नाही. दुर्बळ सीमेवर मात्र यंत्र अडखळते, आणि नियंत्रणाला वाव मिळतो तो नेमका येथेच.

या यंत्राचे नाव स्प्लायसिओसोम. यू-१, यू-२, यू-४, यू-५ आणि यू-६ हे लहान आर.एन.ए. व त्यांच्या सोबतची प्रथिने मिळून ते बनते. यू-१ इंट्रॉनच्या आरंभाशी अक्षराला अक्षर जुळवून बसतो, यू-२ शाखाबिंदूशी. मग इतर घटक येतात, दोन टप्प्यांत छेद व जोड होतो आणि इंट्रॉन फासाच्या आकारात बाहेर पडतो. हे यंत्र समजण्यास यीस्ट या साध्या सजीवाची फार मदत झाली. सांधणी बिघडलेले यीस्टचे उत्परिवर्ती शोधण्याचे एक महत्त्वाचे काम उषा विजयराघवन यांनी जॉन ॲबेलसन यांच्या प्रयोगशाळेत केले व ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी या विषयाचे संशोधन चालू ठेवले, ही गोष्ट कर्नाटकातील विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

निवड कोण करतो?

पूर्वी खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळची एक कल्पना करू. समजा, कोप्पीकर रोडवरील एखाद्या छापखान्यात एका लग्नाची पत्रिका जुळवून ठेवली आहे. वधूपक्षाचे निमंत्रण निराळे, वरपक्षाचे निराळे. जुळारी प्रत्येक वेळी सगळा मजकूर नव्याने जुळवीत नाही. तो त्याच जुळणीतून काही ओळी उचलतो, काही ठेवतो आणि प्रती काढतो. जुळणी एक, पत्रिका दोन. आता पत्रिकेच्या तळाशी 'आहेर स्वीकारले जाणार नाहीत' असे वाक्य आहे असे धरा. त्यातील शेवटचा एकच शब्द उचलला गेला, तर पत्रिकेचा अर्थ पार उलटा होतो! पर्यायी सांधणीतही नेमके असेच घडू शकते. एखाद्या लहानशा एक्झॉनच्या असण्यानसण्याने प्रथिनाचे काम थोडे बदलते, जागा बदलते किंवा चक्क उलटते.

पेशीतील जुळारी म्हणजे आर.एन.ए.ला चिकटणारी नियामक प्रथिने. त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट एस-आर प्रथिनांचा. सेरीन व आर्जिनीन या अमिनो आम्लांच्या जोड्या त्यांत वारंवार येतात, म्हणून हे नाव. एक्झॉनमधील 'वर्धक' अक्षरक्रमांवर बसून ती यंत्राला बोलावतात व तो एक्झॉन ठेवण्यास साहाय्य करतात. दुसरा गट एच-एन-आर-एन-पी या नावाने ओळखला जातो. त्यातील अनेक प्रथिने 'शामक' क्रमांवर बसून यंत्राची वाट अडवितात आणि एक्झॉन वगळला जातो. अर्थात ही विभागणी काटेकोर नाही. तेच प्रथिन एक्झॉनमध्ये बसल्यास एक परिणाम आणि शेजारच्या इंट्रॉनमध्ये बसल्यास दुसरा, असेही पुष्कळदा आढळते. एखाद्या पेशीत कोणती नियामक प्रथिने किती प्रमाणात आहेत, यावर त्या पेशीची निवड ठरते.

येथे एक गणिती मुद्दा ध्यानात ठेवावा. प्रथिनाचे वाचन तीन-तीन अक्षरांच्या गटाने होते. वगळलेल्या एक्झॉनमधील अक्षरसंख्येस तीनने पूर्ण भाग जात असेल, तर पुढील वाचन बिघडत नाही. प्रथिनातील तेवढीच अमिनो आम्ले कमी होतात. भाग जात नसेल, तर पुढचे सगळे गट सरकतात, बहुधा लवकरच 'थांबा' ही खूण लागते आणि असा संदेश पेशी नष्ट करून टाकते. पेशी या नाशाचाही उपयोग करून घेते. कित्येक एस-आर प्रथिनांची जनुके स्वतःचे प्रमाण वाढू लागले, की आपल्याच संदेशात अशी 'थांबा' खूण असलेला एक्झॉन घालून उत्पादन कमी करतात.

संकेतवाहक प्रथिने आणि पर्याय

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांवरून असे दिसले, की एकापेक्षा अधिक एक्झॉन असलेल्या मानवी जनुकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जनुकांत पर्यायी सांधणी होते. संकेतवाहक प्रथिनांत तिचे महत्त्व विशेष आहे, कारण एकच निरोप निरनिराळ्या ऊतींनी निरनिराळ्या रीतीने ऐकावा, ही देहाची गरजच असते.

पहिले उदाहरण संप्रेरकाचे. कॅल्सिटोनिनच्या जनुकात सहा एक्झॉन आहेत. अवटू ग्रंथीच्या सी-पेशी पहिले चार जोडतात आणि त्यातून ३२ अमिनो आम्लांचे कॅल्सिटोनिन बनते. रक्तातील कॅल्शियम उतरविणे हे त्याचे काम. मज्जापेशी मात्र चौथा एक्झॉन वगळून पहिले तीन पाचव्या-सहाव्याशी जोडतात. त्यातून ३७ अमिनो आम्लांचा सी-जी-आर-पी हा अगदी निराळा संदेशक तयार होतो आणि तो रक्तवाहिन्या रुंदावतो. हे १९८२ मध्ये दाखविले गेले. अर्धशिशीच्या वेदनेत या सी-जी-आर-पीचा हात असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि त्याचा मार्ग रोखणारी औषधे २०१८ पासून वापरात आली.

दुसरे उदाहरण ग्राहीचे. पेशीच्या पृष्ठभागावरील एफ-जी-एफ-आर-२ या ग्राहीच्या जनुकात 'थ्री-बी' आणि 'थ्री-सी' असे दोन शेजारी एक्झॉन आहेत. दोहोंपैकी एकच ठेवावयाचा असा नियम. आच्छादक ऊतीच्या पेशी 'थ्री-बी' ठेवतात, तर त्यांच्याखालील संयोजी पेशी 'थ्री-सी'. संयोजी पेशी एफ-जी-एफ-७ व एफ-जी-एफ-१० हे निरोप पाठवितात आणि ते ऐकू येतात फक्त 'थ्री-बी' असलेल्या आच्छादक पेशींना. म्हणजे पाठविणारा व ऐकणारा यांची गल्लत होत नाही; स्वतःचाच निरोप ऐकून पेशी भलतीकडे वाढत सुटत नाही. ही निवड करणारी ई-एस-आर-पी नावाची दोन प्रथिने २००९ मध्ये उजेडात आली. कर्करोगाच्या पेशी मूळ जागा सोडून पसरू लागतात, तेव्हा बहुधा ही प्रथिने कमी होतात आणि 'थ्री-बी'ची जागा 'थ्री-सी' घेते.

निरोप सांधणीपर्यंत कसा पोचतो?

आतापर्यंत आपण ऊतीऊतींमधील कायमचा फरक पाहिला. परंतु पेशी आपली निवड प्रसंगानुरूप बदलूही शकते. बाहेरून एखादा निरोप आला, की पेशीच्या आत कायनेज विकरांची साखळी जागी होते. ही विकरे प्रथिनांना फॉस्फेटचा गट जोडतात. सांधणीचे नियामकही त्यातून सुटत नाहीत. एस-आर प्रथिनांतील सेरीनवर फॉस्फेट जोडले किंवा काढले, की त्यांची जागा, त्यांची चिकटण्याची शक्ती व त्यांचे सोबती बदलतात. वाढीचा ई-जी-एफ हा निरोप आला असता ए-के-टी या कायनेजमार्फत एस-आर-पी-के हे कायनेज पेशीद्रवातून केंद्रकात शिरते आणि एकाच वेळी अनेक जनुकांची सांधणी बदलते, हे २०१२ मध्ये दाखविले गेले.

या नियंत्रणाचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण म्हणजे टी-पेशींवरील सी-डी-४५. हे एक फॉस्फटेज आहे, म्हणजे फॉस्फेट काढणारे विकर. टी-पेशीतील एल-सी-के या कायनेजवर एक रोधक फॉस्फेट असतो. तो काढून सी-डी-४५ त्या कायनेजला कामास मोकळे करते. म्हणून टी-पेशी जागी होण्यासाठी ते आवश्यक आहे. त्याच्या जनुकातील ४, ५ व ६ हे तीन एक्झॉन ऐच्छिक आहेत. ज्या टी-पेशीची रोगजंतूशी गाठ अजून पडलेली नाही, ती यांपैकी काही ठेवते. लढाईत उतरलेली पेशी तिन्ही वगळते. आखूड झालेली सी-डी-४५ ची रेणुके दोन-दोनच्या जोडीने अधिक सहज एकत्र येतात आणि अशा जोडीत त्यांचे काम मंदावते, असे मानले जाते. म्हणजे, जागे करणाऱ्या निरोपानेच पेशी स्वतःचा आवाज हळूहळू उतरविते. ही व्यवस्था नसेल, तर प्रतिकारशक्ती भडकून स्वतःच्याच देहावर उलटण्याची भीती असते.

पण हा निर्णय केंद्रकापर्यंत पोचतो कसा? विश्रांतीतील टी-पेशीत जी-एस-के-३ हे कायनेज पी-एस-एफ नावाच्या एका नियामकावर फॉस्फेट जोडून ठेवते. अशा पी-एस-एफला ट्रॅप-१५० हे दुसरे प्रथिन धरून बसते आणि ते सी-डी-४५ च्या आर.एन.ए.पर्यंत पोचूच शकत नाही. पेशी जागी झाली, की जी-एस-के-३ चे काम मंदावते. नव्याने तयार झालेल्या पी-एस-एफवर फॉस्फेट नसतो. ते मोकळे असते. ते आर.एन.ए.वरील शामक क्रमावर बसते आणि एक्झॉन वगळला जातो. ही साखळी २०१० मध्ये उलगडली. तिच्याबरोबर एच-एन-आर-एन-पी गटातील एल आणि एल-एल ही प्रथिनेही त्याच शामक क्रमांवर काम करीत असतात. साखळीतील प्रत्येक कडी साधी आहे. एकाने धरून ठेवावे, दुसऱ्याने सोडावे, इतकेच. पण एकत्रितपणे त्या पेशीच्या पृष्ठभागावरील घटनेचा परिणाम केंद्रकातील मजकुराच्या निवडीवर घडवून आणतात.

याच जनुकाने आणखी एक गोष्ट शिकविली. सांधणी बहुधा आर.एन.ए.ची नक्कल चालू असतानाच होते. नक्कल करणारे विकर झपाट्याने पुढे गेले, तर दुर्बळ एक्झॉन लक्षात येण्याआधीच पुढचा सबळ एक्झॉन समोर येतो. विकर थबकले, तर दुर्बळ एक्झॉनलाही संधी मिळते. सी-डी-४५ च्या पाचव्या एक्झॉनच्या डी.एन.ए.वर सी-टी-सी-एफ नावाचे प्रथिन बसले असता नक्कल करणारे विकर तेथे थबकते आणि एक्झॉन ठेवला जातो. त्या जागी डी.एन.ए.वर मिथिल गट असतील, तर सी-टी-सी-एफला बसता येत नाही आणि एक्झॉन गळतो. २०११ मधील हे संशोधन शालिनी ओबरडॉर्फर यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत संजीव शुक्ला यांनी प्रामुख्याने केले. पुढे त्यांनी भोपाळच्या आयसर या संस्थेत याच विषयावर संशोधन केले.

शमन आणि भडका

सी-डी-४५ मध्ये निरोप स्वतःला शांत करतो. याच्या उलटही घडते. सी-डी-४४ हे पेशींना आधारद्रव्याशी बांधणारे प्रथिन. त्याच्या जनुकाच्या मध्यभागी ऐच्छिक एक्झॉनची एक रांगच आहे. रास प्रथिनापासून निघणारा वाढीचा निरोप ई-आर-के या कायनेजपर्यंत येतो; ई-आर-के हे सॅम-६८ नावाच्या नियामकावर फॉस्फेट जोडते; आणि त्यामुळे 'व्ही-५' हा एक्झॉन संदेशात ठेवला जातो. हे २००२ मध्ये दाखविले गेले. शेजारचा 'व्ही-६' एक्झॉन असलेले सी-डी-४४ तर मेट या ग्राहीला साहाय्य करून रासचा निरोप आणखी वाढविते. निरोपाने एक्झॉन आणावा आणि एक्झॉनने निरोप वाढवावा, असे हे चक्र आहे. जखम भरून येताना ते उपयोगी; कर्करोगात ते घातक. विद्यार्थ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून अभ्यासावीत, म्हणजे नियंत्रणाच्या दोन्ही दिशा स्पष्ट होतील.

इन्सुलिनची कथा

मधुमेह आपल्याकडे घरोघरी पोचला आहे. म्हणून इन्सुलिनच्या ग्राहीचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहू. या ग्राहीच्या जनुकातील ११ वा एक्झॉन केवळ ३६ अक्षरांचा आहे. तीनने भागले असता बारा; म्हणजे प्रथिनात बारा अमिनो आम्लांचा फरक. हा एक्झॉन नसलेला 'ए' ग्राही गर्भावस्थेत विपुल असतो आणि तो इन्सुलिनखेरीज आय-जी-एफ-२ हा वाढीचा निरोपही चांगला ऐकतो. एक्झॉन असलेला 'बी' ग्राही प्रौढाच्या यकृतात, स्नायूंत व मेदात प्रबळ असतो. साखरेच्या कारभाराशी त्याचा अधिक संबंध आहे.

आता मायोटॉनिक डिस्ट्रॉफी हा आनुवंशिक स्नायुरोग घ्या. यात रुग्णाने आवळलेली मूठ चटकन सैल होत नाही आणि पुष्कळांच्या देहात इन्सुलिनचा प्रभावही कमी पडतो. १९९२ मध्ये कळले, की या रोगाच्या मुख्य प्रकारात डी-एम-पी-के या जनुकाच्या शेवटच्या भागात सी-टी-जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा, कधी शेकडो वेळा, येतात. गंमत अशी, की हा भाग प्रथिनात उतरतच नाही. मग रोग का व्हावा? कारण त्या लांबलचक आर.एन.ए.ला एम-बी-एन-एल हे सांधणीचे नियामक चिकटून बसते आणि केंद्रकात अडकून पडते. इतर जनुकांच्या वाट्याला ते उरतच नाही. शिवाय त्याच्या विरुद्ध काम करणारे सी-यू-जी-बी-पी-१ वाढते. परिणामी प्रौढ स्नायू गर्भावस्थेतील निवडीकडे परततो. इन्सुलिनचा ग्राही 'बी'ऐवजी 'ए' होतो, हे २००१ मध्ये दिसले. क्लोराइडच्या मार्गिकेचा संदेश बिघडतो आणि मूठ सैल होत नाही. एका जनुकातील दोषामुळे दुसऱ्याच निर्दोष जनुकांची सांधणी बिघडते, हा या रोगाचा मोठा धडा आहे.

एका अक्षराची किंमत

संकेतवाहक प्रथिनांपलीकडचे, पण आपल्या अगदी जवळचे एक उदाहरण दिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. बीटा थॅलसेमिया या रक्तरोगाचे भारतात सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे बीटा ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधील पाचव्या अक्षराचा बदल; तेथे जी ऐवजी सी येते. इंट्रॉनच्या आरंभीची जी-यू ही जोडी शाबूत असते! परंतु शेजारचे अक्षर बदलल्यामुळे सीमा दुर्बळ होते, यू-१ नीट बसत नाही आणि यंत्र जवळपासच्या चुकीच्या जागा निवडू लागते. योग्य संदेश फारच थोडा उरतो. सबळ आणि दुर्बळ सीमांविषयी आपण वर जे पाहिले, त्याचा अर्थ ज्या घरात मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, तेथे कळतो.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेने भारतातील असे बदल शोधण्याचे आणि गर्भावस्थेत निदान करण्याचे मोठे काम केले आहे. दोषाची एकच प्रत असलेला 'वाहक' निरोगी असतो. त्याला स्वतःला पत्ताही नसतो. पण वधू आणि वर दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मुलास तीव्र आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रक्तातील हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण मोजून वाहक ओळखता येतो. साडेतीन टक्क्यांहून अधिक प्रमाण ही सर्वसाधारण खूण. पत्रिका जुळविण्याआधी ही एक तपासणी करून घ्यावी, एवढे तरी विवाहयोग्य वयाच्या विद्यार्थ्यांनी या लेखातून घरी न्यावे.

कर्करोगात अशीच चूक संकेतमार्गात होते. मेट या ग्राहीच्या १४ व्या एक्झॉनमध्ये १४१ अक्षरे, म्हणजे ४७ अमिनो आम्ले आहेत. काम संपलेल्या ग्राहीला नष्ट करण्याची खूण याच भागात असते. सीमेवरील दोषामुळे हा एक्झॉन गळला, तर वाचन बिघडत नाही, ग्राही धडधाकट तयार होतो. फक्त त्याचा ब्रेक निघून गेलेला असतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही थोड्या रुग्णांत हा दोष असतो, आणि नेमक्या त्यांच्यासाठी कॅपमॅटिनिब या औषधास २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणून गाठीतील आर.एन.ए. वाचून पाहणे हा आता उपचाराचा भाग होऊ लागला आहे.

सांधणीच दुरुस्त करण्याचा मार्गही निघाला आहे. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या बालकांच्या आजारात एस-एम-एन-१ हे जनुक निकामी असते. त्याचे जुळे भावंड एस-एम-एन-२ हजर असते, पण एका अक्षराच्या फरकाने त्याचा सातवा एक्झॉन बहुधा वगळला जातो. त्यापुढील इंट्रॉनमध्ये एक शामक क्रम आहे. तो झाकणारा आर.एन.ए.सदृश लहान रेणू, नुसिनर्सेन, २०१६ मध्ये औषध म्हणून मान्य झाला. शामक झाकला, की एक्झॉन टिकतो आणि प्रथिन बनू लागते. कागदावर 'शामक क्रम' म्हणून शिकलेली गोष्ट अशी प्रत्यक्ष मुलांच्या हातापायांत बळ आणते. मात्र अशा औषधांची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

उपसंहार

थोडक्यात सांगावयाचे, तर जनुक हा अंतिम मजकूर नसून जुळवून ठेवलेला साठा आहे. सीमांचे बळ, वर्धक-शामक क्रम, त्यांवर बसणारी प्रथिने, नक्कल करणाऱ्या विकराची गती आणि बाहेरून येणाऱ्या निरोपांनी जागी होणारी कायनेज विकरे या पाच गोष्टी मिळून कोणता तुकडा ठेवावयाचा, हे ठरवितात. आणि ज्या प्रथिनांमुळे पेशी निरोप ऐकते, त्यांचीच सांधणी त्या निरोपांनी बदलत असल्यामुळे ही सर्व व्यवस्था सतत स्वतःला जुळवून घेत असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका एक्झॉनमध्ये १०० अक्षरे आहेत. तो वगळला गेल्यास पुढील वाचनावर काय परिणाम होईल? १०२ अक्षरे असतील तर?

२. सी-डी-४५ आणि सी-डी-४४ या दोन उदाहरणांत निरोप आणि सांधणी यांचे नाते परस्परविरुद्ध कसे आहे, ते आकृती काढून दाखवा.

३. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत डी-एम-पी-के जनुकाचा दोष इन्सुलिनच्या ग्राहीपर्यंत कसा पोचतो, ते पायरीपायरीने लिहा.

४. बीटा थॅलसेमियाच्या उदाहरणात जी-यू ही जोडी शाबूत असूनही सांधणी का बिघडते?